ओटीतला खण

सौदीतल्या धाहरानमध्ये नोव्हेंबरात हवा जरा निवली, की आम्ही मराठी बायका नव्या कपड्यांसाठी मॉलमध्ये धावतो. माझी शेजारीण मात्र कपाटातलंच काढून घालते. मार्गशीर्षातल्या हळदीकुंकवाला तिने दारात अबाया उतरवला आणि माझा नुसता जळफळाट झाला. जुन्या मोहरी रंगाच्या कुर्त्यावर डाळिंबी खणाचं बिनबाह्यांचं जाकीट. तो खण आदल्या वर्षी मीच तिच्या ओटीत घातला होता. मला कुणीतरी दिलेला, भडक वाटला म्हणून पुढे ढकललेला. माझ्या नव्याकोऱ्या ड्रेसकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. सगळ्या तिलाच विचारत होत्या, कापड कुठलं?

"हिनेच दिलं," ती कौतुकाने म्हणाली.

खोटं बोलली असती, तर मला तिचा राग तरी धरता आला असता.