आबांनी केलेले मालक

माईक हातात आला की आबा आधी त्यावर दोन टिचक्या मारायचे आणि म्हणायचे, "थोर मानसं आल्यात, जरा दमानं घ्या." लग्नात पाहुण्यांची नावं पुकारणारा असा एक माणूस तुम्हीही पाहिला असेल. नवरदेव घामाने भिजलेला, भटजी घड्याळाकडे बघताहेत आणि हा सरपंचांच्या मेव्हण्याचं स्वागत करतोय. कोल्हारच्या आसपास तो माणूस म्हणजे आबा. स्पीकर माझा असायचा, त्यामुळे माझी काही सुटका नव्हती. आज आबा नाहीत आणि माईक लावताना मला त्यांची फार आठवण येते.

मान द्यायला आबांचा हात सढळ. पुढच्या रांगेतल्या एखाद्या फेटेवाल्याचं पद आठवलं नाही, की त्याला ते बेधडक "या मंगल कार्यालयाचे मालक" करून टाकायचे. तोही उठून हात जोडायचा. मालक म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

आबांच्या नातीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. तेव्हा दुसऱ्याच एका लग्नात जेवताना टोचते म्हणून आबांनी कवळी काढली, कार्यालयाच्या खिडकीत ठेवली आणि तसेच घरी आले. सकाळी गेलो तर कार्यालय रंगकामासाठी बंद, दाराला कुलूप. नातीने बजावलं होतं, "आबा, माझ्या लग्नात तुमीच बोलायचं." आणि कवळीशिवाय आबांचं बोलणं म्हणजे नुसती वाफ.

त्यांना गाडीवर मागे बसवून मी मालक शोधायला निघालो. ज्याला विचारावं तो आबांनीच केलेला मालक सांगायचा. पहिल्याने चहा पाजला, किल्लीचा विषय काढला नाही. दुसऱ्याने घरावर 'मालक' असा फ्लेक्सच लावला होता. तिसरा आबांवरच उखडला.

"मालक केलं तुमी, मग किल्ली कुनी द्यायची?"

आबांनी त्याची चक्क माफी मागितली.

खरी मालकीण निघाली कार्यालयाच्या मागच्याच घरात. प्रत्येक लग्नात पाण्याच्या टाकीपाशी उभी असायची ती बाई. आम्ही तिला वाढपी समजायचो.

"जागा माझी हाय," ती म्हणाली. "तुमी मालक पुकारता, मी मागनं टाळ्या वाजिवते. लई हसू येतं."

कवळी तिने धुऊन स्टीलच्या डब्यात ठेवली होती. आबांनी ती बसवली.

"बाई, तुमचं नाव सांगा. माईकवर घेतो."

"नगं. पोरीचं लगीन नीट लावा."

लग्नात आबा तासभर बोलले. मालकही सगळे पुकारून झाले. मग पाठवणीची वेळ आली.

"आबा, बोला ना," नात म्हणाली.

आबांनी माईक तोंडाशी धरला. कवळी जागेवर होती, शब्द येईना. ओठ नुसते हलत राहिले. मी माईक बंद करायला वाकलो, तर नातीने माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या, दादा."

मी तो चालूच ठेवला. त्या दुपारी आबांचं रडणं कर्ण्यातून सगळ्या कोल्हारने ऐकलं.