सासूबाईंचा घडीचा चाकू

माझा नवरा वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे सांगणार आहे ते ऐकून कुणालाही तसं वाटेल. तो विम्याच्या कचेरीत काम करतो. कुठल्या वस्तूनं माणूस कसा मरू शकतो, हे त्याला पाठ आहे. गॅलरीला जाळी, न्हाणीघरात रबरी चटई, जिन्यात जादा दिवा, सगळं त्याच्या डोक्यातून आलेलं. आवाज चढवून बोललेला मी त्याला कधी ऐकलेला नाही. आमच्या घरी ते खातं माझ्याकडे आहे. गोगलगाय आणि पोटात पाय ही म्हण शाळेत असताना मला नीट कळली नव्हती. लग्नानंतर कळली.

पण ही गोष्ट त्याच्या आईची आहे.

सासूबाई रेल्वेच्या फाटकावर नोकरीला होत्या. सासरे लवकर गेले, त्यांच्या जागी सासूबाईंना घेतलं. रूळ ओलांडणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक खोली, खोलीत एक फोन, भिंतीला टेकवलेले दोन झेंडे आणि बाहेर फाटक वरखाली करायचं लोखंडी चाक. गाडी निघाल्याचा फोन आला की चाक फिरवून फाटक पाडायचं, गाडी गेली की उचलायचं. मधल्या वेळात करायचं काय? वाचायला घेतलं तर लक्ष पुस्तकात जातं. डुलकी लागली तर कुणाचा तरी जीव जातो. हात गुंतलेले आणि कान मोकळे राहतील असं काहीतरी हवं होतं. एकदा फाटकाशी अडकलेला एक ट्रकवाला पायरीवर बसून फांदीचा तुकडा तासत होता, ते त्यांनी पाहिलं आणि पुढच्या सुट्टीला जाऊन घडीचा चाकू विकत आणला.

शिंगाची मूठ, बोटाएवढं पातं. पातं उघडं धरून ठेवणारा खटका त्याला नाही, नुसत्या पट्टीच्या ताणावर ते उभं राहतं. त्यामुळे टोक दाबून भोक पाडायला जाल तर ते मिटतं आणि बोट धरतं. माझ्या नवऱ्याच्या उजव्या तर्जनीवर आडवा पांढरा वण आहे तो त्याचाच. शाळेतून तो थेट फाटकावर जायचा, तिथेच त्याला आईनं चाकू धरायला शिकवलं, आणि शिकवलेलं विसरून त्यानं भोक पाडायचा उद्योग केला. सासूबाईंनी बोट धुतलं, चिंधी बांधली आणि चाकू पुन्हा त्याच्या हातात दिला. हे तो स्वतः पाहुण्यांना कौतुकानं सांगायचा. सांगायचा म्हणजे, पूर्वी.

त्या चाकूनं सासूबाईंनी आयुष्यभर चमचे, खुंट्या, बटणं, काठ्यांच्या मुठी केल्या. नियम एकच, पण पक्का. चाकू उघडायचा तो आभाळाखाली. छपराखाली नाही. मी नवी सून असताना एकदा बटाटे सोलायला मागितला, तेव्हा मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. कुठलाही नवा कपडा आला की आधी त्याला आतून खिसा शिवायचा, त्यात चाकू जायचा, आणि मगच तो कपडा त्यांच्या अंगावर चढायचा.

नोकरी संपल्यावर त्या आमच्या फ्लॅटवर राहायला आल्या. मागे ओढा आहे, ओढ्याकाठी झाडं आहेत. सकाळचं आटोपलं की त्या तिकडे जायच्या. वाऱ्यानं पडलेली ओली फांदी शोधायची, ओढ्यातल्या चपट्या दगडावर पात्याला धार द्यायची, अंगठ्याच्या नखावर ती तपासायची आणि कामाला लागायचं. आमचं दोघींचं फारसं पटत नाही. भांडी कशी पालथी घालावीत इथपासून आमचे मतभेद आहेत. पण ती बाई झाडाखाली एकटी बसलेली असायची ना, तेव्हा मला तिचा हेवा वाटायचा. तिथे तिला कुणी चहा मागू शकत नव्हतं.

मग इमारतीच्या सेक्रेटरीला दृष्टान्त झाला. त्यानं माझ्या नवऱ्याला जिन्यात गाठलं आणि सांगितलं की तिकडे मुलं खेळतात, आणि तुमच्या मातोश्री शस्त्र घेऊन बसतात, लोक बोलतात. ज्या मुलांना ती बाई भोवरे करून द्यायची, तीच मुलं. ह्यानं ते निमूट ऐकून घेतलं आणि घरी येऊन आईला म्हणाला, "आई, तो चाकू आता राहू दे ना."

"तू विमा विकतोस, ते मी राहू दे म्हणते का?" सासूबाई म्हणाल्या, आणि विषय मिटला. निदान मला तसं वाटलं.

थोड्या दिवसांनी त्यांच्या अंगठ्याला जरासं लागलं. लाकूडकाम करणाऱ्याला लागायचंच. पण हा त्या अंगठ्याकडे असा बघत होता की आता पंचनामाच करतो.

आणि मग एका संध्याकाळी तो हसतमुखानं घरी आला. "आई, डोळे मिट. हात पुढे कर." त्यानं तळहातावर चाकू ठेवला. मिटलेल्या मुठीतून दिसणारी काळ्या पडलेल्या जुन्या पात्याची कड आरशासारखी चकचकीत झालेली. "धार लावून आणली. पॉलिशही करून घेतलं."

न विचारता खिशातून काढून नेला म्हणून त्या आधी कुरकुरल्या, पण पोरानं आपण होऊन काहीतरी केलं याचं त्यांना बरं वाटलं. चाकू त्यांनी उघडला मात्र नाही, कारण वर छप्पर होतं. नुसता मुठीत धरून बसल्या. मला वाटलं, चला, गाढवाला अक्कल आली.

त्यानंतर त्या ओढ्यावरून लवकर परतायला लागल्या. हातात अर्धवट चमचा. "धार टिकत नाही गं," एकदा मला म्हणाल्या. "नखावर लागते. लाकडात चार वेळा घातली की गेली. दगडावर माझा हात नीट फिरत नसणार." दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी सकाळ नुसती धार लावण्यात घालवली. मग धार गेली म्हणून जोर लावायला लागल्या, आणि जोर लावल्यावर जे होतं तेच झालं. चाकू सटकला आणि तळहात चिरला. रुमालाची गुंडाळी करून आल्या. मी जखम धुतली. त्या जखमेकडे नव्हे, बोटांकडे बघत होत्या.

"हातातलं गेलं माझ्या," त्या म्हणाल्या.

आणि माझा नवरा, शेजारी उभा राहून, मऊ आवाजात म्हणाला, "वय झालं, आई. होतं असं." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. अजूनही आठवलं की तळपायाची आग मस्तकाला जाते.

चाकू दोऱ्याच्या रिळांच्या खणात गेला. पण तेवढ्यावर थांबलं नाही. किटली भरलेली असली की त्या उचलेनात. "तूच ओत, माझ्या हाताचा भरवसा नाही." आमच्या लेकीला घेऊन रस्ता ओलांडेनात, का, तर हात सुटला तर. एक दिवस त्यांनी घराची किल्ली माझ्यासमोर ठेवली. कुलूप नीट लागलं की नाही, आपल्याला कळत नाही म्हणाल्या. आयुष्यभर ह्या बाईनं धडधडत येणाऱ्या गाडीसमोर फाटक पाडलं, एकदाही चुकली नाही, आणि आता तिला आमच्या दाराच्या कुलपाची भीती वाटत होती. आणि मी मूर्खासारखी डॉक्टरची वेळ घेत होते.

शेवटी मला वाटलं, धार तरी चांगली करून आणू, म्हणजे बाई एकदा ओढ्यावर जाऊन बघेल. बाजाराच्या कोपऱ्यावर धारवाला बसतो, पायानं चाक फिरवतो. मी चाकू त्याच्या हातात दिला. त्यानं उघडला, उलटा केला आणि परत दिला.

"ह्याला धार लावून उपयोग नाही, ताई."

"का?"

"पात्याचं पाणी उतरलंय. पोलाद तापवून पाणी दिलेलं असतं, म्हणून त्याची धार टिकते. चाकावर न थांबता दाबून धरलं की तापून निळं पडतं. मग धार लागते, पण राहत नाही. मीच केलंय हे, मला कळतंय ना."

"तू? आणि का केलंस?"

त्याची चुळबुळ सुरू झाली. "साहेबांनी सांगितलं. मी म्हटलं त्यांना, असं केलं तर पातं कायमचं जाईल, इतकं चांगलं पोलाद आता मिळत नाही. ते म्हणाले, जाऊ दे, तेच हवंय. वर निळं दिसता कामा नये, घासून पांढरं कर. आता गिऱ्हाईक म्हणतं तसं करायचं, ताई."

मी घरी कशी आले ते मला आठवत नाही. हा ऑफिसातून आला, बूट काढत होता. मी चाकू त्याच्यासमोर धरला.

त्यानं एका क्षणात ओळखलं. "हळू बोल," तो म्हणाला. मी अजून बोललेही नव्हते.

"का केलंस?"

"तिला लागत होतं. सेक्रेटरी बोलत होता. मी सांगून ती ऐकली असती का? भांडण झालं असतं, रडारड झाली असती. आता बघ, तिनं स्वतःहून सोडलं. कुणाला वाईट वाटलं नाही."

"कुणाला वाईट वाटलं नाही?" मी म्हणाले. "अरे, काढून घेतला असतास तर तुला शिव्या देऊन गप्प बसल्या असत्या. तू त्यांना त्यांच्याच हातांवर संशय घ्यायला लावलास. रोज. आणि वर म्हणालास, वय झालं. त्यांचा हात चिरला तो तुझ्यामुळे. चाकूनं एवढी वर्षं जे केलं नाही ते तू केलंस." केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मी त्याला सविस्तर समजावलं. मध्येच तो पुन्हा म्हणाला, "हळू, आई ऐकेल."

"ऐकणारच आहे. तू सांगणार आहेस. मी चहा टाकते, तो होईपर्यंत वाक्यं जुळव."

तिघं टेबलाशी बसलो. चाकू मी मध्ये ठेवला. ह्यानं सांगितलं. आधी सेक्रेटरीपासून सुरुवात केली, मग काळजीवर आला, मग अपघातांवर, पण शेवटी धारवाल्यापर्यंत पोचला आणि 'तेच हवंय' हेही बोलला, कारण मी त्याच्याकडे बघत होते.

सासूबाईंनी दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले, मग पालथे केले, मग परत उताणे.

"म्हणजे हात बरे आहेत," त्या म्हणाल्या. त्यांनी विचारलं नाही, स्वतःला सांगितलं.

"आई, मी तुझ्या भल्यासाठी..."

"तुझं बोट कापलं तेव्हा मी काय केलं होतं?"

तो समोरचा रिकामा कप फिरवायला लागला.

"सांग की. पाहुण्यांना सांगतोस."

"चिंधी बांधलीस."

"आणि?"

"चाकू परत हातात दिलास."

सासूबाईंनी मान हलवली. चाकू उचलून त्यांनी खिशात टाकला. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उद्या त्या धारवाल्याकडे जाऊ. ह्या मुठीला दुसरं पातं बसतं का विचारू. नाही बसलं तर नवा घेऊ. आणि माझी किल्ली दे."

मी किल्ली काढून दिली आणि चहा ओतायला उठले. त्यांनी माझा हात बाजूला केला. किटली काठोकाठ भरलेली होती. चिरलेल्या हातानंच त्यांनी ती उचलली, माझा कप भरला, स्वतःचा भरला. बशीत थेंब पडला नाही. ह्यानं आपला कप पुढे सरकवला. सासूबाईंनी तो घेतला, बशीवर पालथा घातला आणि स्वतःचा चहा प्यायला लागल्या.