क्लीओफसचा डावा हात

रविवारी सकाळी व्हर्लीन टार्व्हर नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावत होती. गोळी लागल्यापासून हे काम तिच्याच वाट्याला आलं होतं. क्लीओफसचा डावा हात खांद्यापासून नुसता लोंबत असे. बोटांत थोडी धुगधुगी होती, तेवढीच.

"हळू जरा. बटणं लावतेयस की पोतं शिवतेयस?"

"पोतं गप्प तरी बसतं."

"आणि पांढरे हातमोजे?"

"घेतलेत. दोन्ही."

आज तो पुन्हा चर्चच्या दारात उभा राहणार होता. इतके दिवस तिने थोपवून धरलं. कधी थंडीचं निमित्त, कधी खोकल्याचं, कधी तिचेच गुडघे. निमित्तं संपली आणि त्याचा हट्ट तेवढा उरला.

त्यांच्या चर्चमध्ये दारावरचे सेवेकरी बोलत नाहीत. भजन चालू असताना कुजबुज नको म्हणून आजे-पणज्यांच्या वेळेपासून सगळं हातांनीच चालतं. उजवा हात उचलला की जागा कुठे आहे ते कळतं, छातीवर ठेवला की प्रार्थना संपेपर्यंत थांबा. डावा हात मात्र मूठ मिटून पाठीमागे, कमरेवर. त्याचा अर्थ, मी सेवेला उभा आहे. क्लीओफसच्या हे उभं राहणं इतकं अंगवळणी पडलं होतं की बसच्या रांगेतही तो तसाच उभा राही. कॉफी उकळेपर्यंत चुलीपुढेसुद्धा. व्हर्लीन चिडवायची, "बसा हो पाहुणे, सेवेकरी कॉफी आणतायत."

गोळी लागली त्या दिवशी चर्चमध्ये एका म्हातारीचा अंत्यविधी होता. तो आटोपला. आत तळलेलं चिकन आणि मक्याचा पाव वाढायला घेतला होता, आणि क्लीओफस काळ्या सुटात फुटपाथवर गाड्यांना वाट दाखवत होता. कोपऱ्यावरच्या दुकानात कुणीतरी बंदूक दाखवून लूट केली होती. काळा माणूस, काळा कोट, एवढीच खूण पोलिसांना मिळाली होती; क्लीओफस तिच्यात बसत होता. गाडीतून एक तरुण गोरा पोलीस उतरला आणि ओरडला. क्लीओफसचा एक कान कामातून गेलेला. शब्द कळले नाहीत, पण गणवेशातला माणूस आपल्याकडे येतोय हे दिसलं. मग त्याने तेच केलं जे दारात येणाऱ्या प्रत्येकासाठी आयुष्यभर केलं होतं. ताठ उभा राहिला, किंचित झुकला आणि डावा हात पाठीमागे नेला.

मुठीत पेपरमिंटच्या गोळ्या होत्या. प्रवचनात कुणाला ढास लागली तर द्यायला तो नेहमी जवळ ठेवी.

चौकशीत तो पोलीस म्हणाला, जिवाची भीती वाटली. व्हर्लीनला ते खोटं वाटलं नाही. ती चर्चच्या पायरीवरच होती. गोळी झाडल्यावर त्या पोलिसाचेच पाय लटपटताना तिने पाहिले होते. पण ही भीती माणूस दिसायच्या आधीच कशी काय येऊन उभी राहते, हे तिला कुणी सांगितलं नाही. त्याच महिन्यात नदीपलीकडे एक गोरा माणूस दारू पिऊन अंगणात रायफल घेऊन उभा होता. पोलिसांनी त्याला बाबापुता करून, गोडीगुलाबीने आत नेलं. रायफल दिसत असून. इथे हात दिसला नाही, तेवढं पुरलं.

वर चौकशीवाल्यांनी विचारलं, घरात पिस्तूल आहे का? होतं. शेजारी चोरी झाली तेव्हा क्लीओफसने रीतसर परवाना काढून घेतलं होतं, कपाटात टॉवेलांखाली ठेवलं होतं. वर्तमानपत्रात तेवढंच मोठ्या अक्षरांत आलं. शेवटी सगळं नियमाला धरूनच झाल्याचा निकाल लागला. व्हर्लीनने तो ऐकला आणि घरी येऊन भांडी घासली. दुसरं काय करणार? रडून रडून माणूस थकतो. न रडताही थकतो.

चर्चच्या पायऱ्यांपाशी गाडी थांबली. दारात नवा रखवालदार होता. दूरच्या गावात एका चर्चमध्ये कुणी माथेफिरू शिरून गोळ्या घालून गेला, तेव्हापासून दारात बंदूकवाला ठेवायचं ठरलं होतं. सुट्टीवरचे पोलीस हे काम करत. ठराव आला तेव्हा हात वर करणाऱ्यांत व्हर्लीनही होती. भीती काय एकट्या पोलिसांनाच वाटते? पण नेहमीचा माणूस ओळखीचा होता. हा कोण कुठला, गोरा, तरुण, कमरेला पिस्तूल.

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. आपले हात पुढे, दिसतील असे.

"नमस्कार. तो तिकडे उभा आहे ना, तो माझा नवरा. इथला सेवेकरी. त्याचा डावा हात पाठीमागे असेल. हातात काही नसेल. आणि ऐकू कमी येतं त्याला."

"ठीक आहे मॅडम. सांगितलंत ते बरं केलंत. माहीत असलं की काही अडचण नाही."

"आणि माहीत नसलं की?"

तो बाजूला झाला आणि त्याने दार उघडून धरलं. वाईट पोरगा नव्हता. ज्याने गोळी झाडली, तोही नव्हता कदाचित.

ती परत आली तेव्हा क्लीओफस हसत होता. "झाली माझ्या हाताची ओळख करून देऊन? नाव काय सांगितलंस त्याचं?"

"थट्टा नको करूस. हे बघ, आज हात पुढेच राहू दे. गळ्यातल्या पट्टीत. कोण काय म्हणणार आहे?"

"व्हर्लीन, ज्या दारात मी उभा राहायला शिकलो, तिथे तरी मला घाबरत उभं राहायला लावू नकोस. ठेव त्याला जागेवर."

तिने हातमोजा चढवला. थंड हात उचलून त्याच्या पाठीमागे नेला, एकेक बोट दुमडून मूठ केली. सोडली, तर हात घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. तेव्हा ती त्याच्या मागेच उभी राहिली आणि ती मूठ आपल्या मुठीत धरून ठेवली.

लोक येऊ लागले. तो उजव्या हाताने जागा दाखवत होता, पूर्वीसारखाच. भजन सुरू झालं. व्हर्लीनही सेवेकरीण, तिची जागा पुढच्या ओळीजवळ; तिथून तिच्या जोडीच्या ओझेलाने हातानेच विचारलं, तुझी जागा रिकामी का? व्हर्लीनने मोकळा हात छातीवर ठेवला. प्रार्थना संपेपर्यंत मी इथेच.

"ही ओझेला काय विचारतेय?" क्लीओफसने मान न वळवता विचारलं.

"सेवेकऱ्यांनी दारात बोलायचं नसतं."

मनगटाला रग लागली. गुडघे कुरकुरायला लागले. भजन संपलं, पाद्रीबाबांनी हात उचलले आणि सगळ्यांनी डोळे मिटले. क्लीओफसनेही मिटले.

व्हर्लीनने मिटले नाहीत. तिची नजर दारातल्या त्या तरुणावर, त्याच्या पिस्तुलाजवळच्या हातावर होती. देवा, ती मनात म्हणाली, आज उघड्या डोळ्यांनी केलेली प्रार्थनाच ऐकून घे.