लाल झेंड्यानंतरचे सात ठोके

आमच्या भांडगावच्या विहिरीत उतरायच्या आधी वडील एक खडा टाकायचे. बारीकच, बोराएवढा. पाण्यावर उठलेलं वर्तुळ काठाला लागेपर्यंत पायरीवर उभे राहायचे, मग पुढचं पाऊल. मी विचारलं तर म्हणायचे, "पान्यात कोन आसंल त्याला कळू दे. आपुन त्याच्या घरात चाललोय." विहिरीत एक म्हातारं कासव होतं. खडा पडला की ते कपारीत सरकायचं. मी चौथीपर्यंत शिकलो. शाळेतलं बहुतेक विसरलो, खडा तेवढा ध्यानात राहिला.

पुढं बोअरच्या गाडीवर राबलो, मग पुलांच्या पायलिंगवर, आणि उतारवयात समुद्रावर गेलो. कोकणात एका खाडीच्या तोंडाशी जेटी चालली होती. बार्जवर, म्हणजे सपाट तरंगत्या बोटीवर, क्रेन, क्रेनला हॅमर, आणि त्याचा दांडा माझ्या हातात. पाईल म्हणजे लोखंडी खांब, ते समुद्राच्या तळात ठोकायचे.

समुद्र मला पाण्यासारखा कधी वाटलाच नाही. सकाळी तो आमच्या नांगरलेल्या काळ्या रानासारखा दिसायचा, धुकं ओसरताना वाफसा आल्यासारखा. त्या रानातून डॉल्फिनची पाठ वर यायची, वळायची आणि मातीत मिसळावी तशी मिसळून जायची. मी बघत बसायचो. ऊन कवा डोक्यावर आलं ते समजायचं नाही.

त्यांच्यासाठी बार्जवर एक पोरगी नेमली होती. माझ्या नातीच्या वयाची, गळ्यात दुर्बीण, हातात लाल झेंडा. पाण्यात लांबवर खुणेचे बोये गोलाकार तरंगत सोडले होते. त्या बोयांच्या आत डॉल्फिन आला की झेंडा वर, आणि झेंडा वर गेला की ठोका बंद. तो बाहेर गेल्यावर अर्धा तास थांबायचं, आणि सुरू करताना आधी हलके ठोके द्यायचे. परवानगीच्या कागदातच तसं लिहिलेलं होतं.

"त्यास्नी मारायला कोन चाललंय?" मी पहिल्या दिवशी म्हणालो.

"कुणीच नाही, आबा. तरी मरतात. म्हणून तर नियम आहे," ती म्हणाली. "ते कानांनी वाट शोधतात. तुमचा ठोका पाण्यात लई लांब जातो. आई एकीकडं आणि पिल्लू एकीकडं होतं."

"आन् हलके ठोके कशापायी?"

"त्यांना निघून जायला वेळ मिळावा म्हणून."

मग मी तिला खड्याचं सांगितलं. "ह्यो तुमचा कायदा आमच्या विहिरीवरचा हाय," म्हणालो. ती हसली, आणि तिनं ते वहीत लिहून घेतलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर महिन्याभरानं ते घडलं. दुपार होती, समुद्र दुधासारखा पडून होता. पाईल शेवटचा हातभर राहिला होता. मध्येच थांबलं की खालचा चिखल पाईल आवळून धरतो, मग तो हलता हलत नाही. तेवढ्यात झेंडा वर गेला. मी झेंड्याकडं बघितलं, पाईलकडं बघितलं. इतकी वर्षं अर्धवट काम टाकून उतरलो नव्हतो. सात ठोके घातले. पाईल बसला, मग थांबलो.

ठोका थांबल्यावरची शांतता अजून कानात आहे. पोरगी दुर्बीण धरून उभी. बोयांच्या कडेनं एक मोठी पाठ वर आली. खाली गेली, पुन्हा तिथंच वर आली. सकाळी तिच्या बगलेला लहान पाठ होती ती मी पण बघितली होती. आता एकटीच होती. उन्हं कलेपर्यंत ती त्याच जागी गोल फिरत राहिली.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचे साहेब कागद घेऊन आले. त्यांनी समजुतीनंच सांगितलं. "आबा, अजाणता झालं तर समज देऊन सोडतात. लिहा, उन्हाच्या चकाकीत झेंडा दिसला नाही."

"दिसला की."

"अहो, नाही दिसला म्हणा. वय झालंय तुमचं."

तिथंच माझं डोकं फिरलं. तीस वर्षं ओळंब्यातला केसाएवढा फरक मी लांबून धरलाय, आणि मला लाल झेंडा दिसला नाही असं मी लिहून द्यायचं? मी एकेक अक्षर गिरवत लिहिलं: झेंडा दिसला. सात ठोके घातले. खाली सही.

पोरगी हळूच म्हणाली, "तुम्हाला काढतील, आबा."

"काढू द्या. आंधळा म्हनून ऱ्हान्यापरास बरं."

काढलंच. हट्टानं लिहिलं तवा फक्त अभिमान होता. एसटीच्या खिडकीशी बसलो तवा त्या मायची पाठ डोळ्यांपुढून हलेना. पोरगी स्टँडवर आली होती. म्हणाली, "सकाळी खाडीत एक पिल्लू दिसलं."

"तेच व्हतं?"

तिनं वही उघडून बघितली. मग म्हणाली, "लहान होतं. तेच होतं असं मी लिहू शकत नाही."

मला तिचा राग आला नाही. तिनं माझ्यासाठी दोन शब्द जास्तीचे सांगितले असते तर आला असता.

आता गावी विहिरीवरच्या मोटारीला मोबाइलवर चालणारा स्टार्टर बसलाय. लेक रांजणगावच्या कंपनीत आहे, कारेगावात खोली करून राहतो. पहाटे बसमधूनच फोन करतो.

"आबा, लाइट आलीय. मी हितनंच मोटार चालू करतो, तुम्ही पडून ऱ्हावा."

"थांब. मी विहिरीवर जातो आधी."

"कासव मरून किती वर्सं झाली, आबा."

"तुला काय म्हाईत, खाली कोन हाय ते."

तो कंटाळतो, पण फोन ठेवत नाही. मी पायरीवर उभा राहून खडा सोडतो. वर्तुळ मोठं होत जातं. कधीकधी त्या काळ्या पाण्यात एक पाठ वळल्यासारखी वाटते, तिच्या बगलेला दुसरी, लहान. वर्तुळ काठाला लागतं.

"आता कर," मी म्हणतो.