कमजोर नमुन्यांचं वजन

लखनौला आमच्या संशोधन संस्थेत ती माझ्या हाताखाली तीन महिन्यांच्या कंत्राटावर आली होती. यंत्राने जनुकक्रम नीट न वाचलेले नमुने मी सरळ टाकून देई. ती स्क्रीनला नाक लावून एकेक तपासायची आणि दर्जाप्रमाणे हिशेबात कमी-जास्त वजन द्यायची.

मी टोमणा मारला, "कचरा भी गिनोगी?"

"सर, कमज़ोर गवाह की भी सुनते हैं, बस यक़ीन थोड़ा कम करते हैं."

आजारी आणि निरोगी माणसांच्या जनुकांतला जो फरक मला दोन वर्षं सापडला नव्हता, तो तिला आठवड्यात दिसला. मी संचालकांना म्हणालो, ही आकड्यांत फेरफार करते. तिची मुदत वाढली नाही. पुढे तिची पद्धत मी माझ्या नावावर छापली.

आकडे खरे होते. मला ते तेव्हाच कळलं होतं. म्हणूनच तर मी तसं बोललो.