सूनबाईचे गुरुजी

आमच्या कुळगावच्या सोसायटीतला हा शेजारी कायद्याला फार जपतो. प्यायला की स्टिअरिंगला हात लावत नाही. शिकाऊ लायसनवाल्या सुनेला चालवायला बसवतो आणि आपण बाजूला बसून गुरुजी होतो. तोंडात बडीशेप आणि एकच धडा: "क्लच दाब, सूनबाई."

रविवारी दुपारी गेटवर मी गाडीपुढं उभा राहिलो. म्हटलं, "अरे, शिकवणारा तरी शुद्धीत पाहिजे."

"काका, मी कुठं चालवतोय?"

"ज्या गाडीनं माझ्या बायकोला उडवलं, तिच्यातला गुरुजीपण हेच म्हणाला."

तो हसला आणि त्याचे डोळे मिटले. सुनेनं गाडी बंद केली, चावी माझ्या हातात दिली आणि जिना चढून गेली.

तो रिकाम्या सीटला सांगत होता, "क्लच दाब, सूनबाई."