मुंबई ते व्हँकुव्हर, शिलाईच्या टेपने

मला अक्षरओळख झाली ती पत्रकांवरून. सभेचं, मोर्चाचं, जयंतीचं पत्रक आलं की वडील ते मोठ्याने वाचायचे आणि मी वस्तीत घरोघर वाटायचे. छापलेल्या शब्दाला पत्रक वाटणारा माणूस जामीन असतो, हे मी तिथेच शिकले.

मावसबहीण शिकायला कॅनडातल्या व्हँकुव्हरला निघाली, तेव्हा आमच्या भिंगारच्या बुद्धविहारात तिचा सत्कार ठरला. पत्रक मीच लिहिलं. मथळा : ‘आपल्या वस्तीतून बावीस हजार किलोमीटरची झेप!’ आकडाही माझाच. भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबई विमानतळापासून व्हँकुव्हरपर्यंत दोरा ताणला आणि खालच्या प्रमाणपट्टीवर मोजला. पाचशे प्रती छापून आल्या.

तिची आई, म्हणजे माझी मावशी, लष्करातल्या जवानांचे गणवेश शिवते. पत्रक वाचून तिने मशीन थांबवलं.

“बावीस हजार? अन् सगळ्या पृथ्वीचा घेर केवढा हाय?”

“चाळीस हजार.”

“मग अर्धा घेर वीस झाला. गोल चेंडूवर अर्ध्या घेराच्या पुढं काय लांब जाईल गं? पुढं गेलं की ते पल्याडच्या बाजूनं जवळच येतंय.”

बहीण हसायला लागली. मी चिडले. “नकाशा सरकारी आहे, मावशी.”

“कापडबी सरकारीच येतंय माझ्याकडं. चुण्या न घेता, टक्स न घालता सपाट कापड गोल अंगावर बसवून दाव.”

बहिणीने कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढला. मावशीने विषुववृत्ताभोवती टेप गुंडाळला. “कंबर अडतीस. तुझ्याहून सहा जास्त.”

मग मी दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरलं, बहिणीने दुसरं व्हँकुव्हरवर. ओढून ताणल्याबरोबर दोरा आपसूक वर सरकला. नकाशावर तो अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक ओलांडून गेला होता. इथे रशिया ओलांडून उत्तर ध्रुवाच्या उशाशी जाऊन टेकला. मी त्याला बोटाने खाली आणू पाहिलं, तर दोरा अपुरा पडला. लांबी भरली साडेअकरा इंच. अडतीस इंचांना चाळीस हजार, तर साडेअकराला बारा हजार शंभर.

झेपेतले दहा हजार किलोमीटर गेले. खरं सांगते, मला वाईट वाटलं.

“सत्कार उद्या आहे,” मी म्हणाले. “राहू दे आता. विहारात कोण मोजत बसणार?”

मावशीने चष्म्यावरून पाहिलं. “मी मोजलं न्हाई का? पोरगी माझी चाललीय. ती खरंच किती लांब चाललीय ते मला कळाया पायजे. तुझ्या घोषणेला शोभंल तेवढं न्हाई.”

दुपारभर आम्ही तिघी ‘बावीस’ खोडून ‘बारा’ लिहीत बसलो. मी मधूनच उठून गोलावर दुसऱ्या शहरांमध्ये दोरा ताणून बघायचे. दिल्लीहून न्यूयॉर्कलाही तो वरच सरकला. “आधी पत्रकं,” मावशी ओरडायची, आणि मग स्वतःच विचारायची, “सिडनीला कसा जातोय गं?”

दुसऱ्या दिवशी विहाराच्या दारात पहिलं पत्रक एका आजोबांच्या हातात दिलं. त्यांनी खाडाखोडीवर बोट ठेवलं. “चुकलं हुतं व्हय?”

“हो, माझंच,” मी म्हणाले आणि सपाट नकाशावर दोरा का लांबला ते त्यांना सांगितलं. इतकी वर्षं पत्रकं वाटली, पण थांबून कुणाला काही समजावलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.